एक ओढ, मग अंगठा

खोकं आलं शनिवारी दुपारी, आणि चंद्रिकानं ते दारातच फोडलं. आत नेऊन कात्रीनं हळूहळू कापत बसणं तिच्यात नव्हतंच. निदान गेल्या सात महिन्यांत तरी नव्हतं. त्याआधीची चंद्रिका म्हणजे शेवटच्या बाकावरची, हजेरीला ओठातल्या ओठात ‘उपस्थित’ म्हणणारी पोरगी. हल्लीची चंद्रिका वक्तृत्वात दुसरी आलेली, शाळेच्या जिन्यात दोन-दोन पायऱ्या गाळून उड्या मारणारी, आणि बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी. शेळगीतल्या त्या गल्लीत सगळ्यांना ह्या बदलाचं कारण ठाऊक होतं. तिच्या अप्पांनी, म्हणजे गुरुशांतनं, बसवजयंतीला इष्टलिंग तळहातावर घेऊन दारू सोडली होती. सोडतो सोडतो म्हणून सोडली नव्हती, खरोखर सोडली होती. आता घरात भांडी आपटत नव्हती, आणि चौकातून कुणी दोघं अप्पांना काखेत धरून आणत नव्हते. घरातला गोंगाट थांबला तसा पोरीला आवाज फुटला.

खोक्यातून निघाला एक दहा लिटरचा पांढरा डबा, झाकणाला भोक असलेला. एक वेडीवाकडी वळलेली, इंग्रजी ‘एस’सारखी छोटी नळी. एक लांब पारदर्शक नळी, यीस्टची पुडी, आणि चंदेरी पिशवीत काळ्या द्राक्षांचा आटवून घट्ट केलेला रस. घरच्या घरी वाइन करायचा संच होता तो. बंगळुरूच्या विरेशमामाला ऑफिसात कुणीतरी भेट दिलेला. मामीनं “लिंग बांधणाऱ्यांच्या घरात हे बेडा”, नको म्हणून माळ्यावर टाकलेला, आणि चंद्रिकानं फोनवर गोड बोलून मागून घेतलेला.

अप्पा कंपनीतून नुकतेच आले होते. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात कामाला असल्यानं त्यांच्या नखांत कायम कुठला तरी रंग असायचा. त्या दिवशी निळा होता. त्यांनी चंदेरी पिशवी हातात घेऊन उलटीपालटी केली.

“सोलापुरात भायेरनं द्राक्षं?” ते म्हणाले. “उद्या मंगळवेढ्याला ज्वारी पाठवतील ही माणसं.”

चंद्रिकाचं कारण तयार होतं. जानेवारीत विज्ञान प्रदर्शन. विषय किण्वन, म्हणजे आंबवणं. बाकीच्या पोरी बाटलीच्या तोंडाला फुगा लावून यीस्टनं तो फुगवून दाखवणार, दरवर्षी तेच. चंद्रिकाला तसलं चिंधी काही करायचं नव्हतं. विज्ञानाच्या रेश्मा मॅडमनी आधी डोळे वटारले, मग अट घातली: बुडबुडे मोज, तक्ता कर, पण शाळेत वाइन म्हणून थेंब आणायचा नाही. त्याचं पुढं व्हिनेगर करायचं आणि ते आणायचं.

“वाइन हे नुसतं मधलं स्टेशन आहे, अव्वा,” चंद्रिका म्हणाली. “गाडी व्हिनेगरला जाणार.”

अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, महादेवीनं, परातीतलं पीठ मळता मळता वर न बघताच सांगितलं, “मधल्या स्टेशनावर उतरणारी माणसं असत्यात.”

अप्पांनी पिशवी खाली ठेवली. रागावले नाहीत, उलट हसले.

“येऊ दे की,” ते म्हणाले. “मला काय हुतंय? रोज शिफ्ट सुटल्यावर सगळी त्या बारकडं वळत्यात, मी बसमधे चढतो. कुणी हात धरून चढवत न्हाय मला. तर घरातल्या डब्याचं काय घेऊन बसलीस? उलट असू दे घरात. बघू दे लोकान्ला, गुरुशांतच्या घरात हाय आन गुरुशांत पीत न्हाय.”

अव्वानं मान आणखी खाली घातली. चंद्रिकानंही घातली.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण ती चंद्रिकाला ठाऊक होती, अव्वाला ठाऊक होती, आणि अप्पांना ठाऊक नव्हती.

अव्वा बचत गटासाठी कडक भाकऱ्या करायची. पहाटे उठून ती आधी अप्पांचा चहा करी, मग भाकऱ्यांना बसे. मे महिन्यात, शपथेला आठवडासुद्धा झाला नसेल, चंद्रिका पाणी प्यायला उठली तर अव्वा वाटीत चमच्याच्या पाठीनं एक पांढरी गोळी चुरत होती. गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव कात्रीनं कापून टाकलेलं.

“कुणाची गोळी गं?”

“सुम्न कुंद्र, गप बस,” अव्वा म्हणाली. तिला घाई असली किंवा भीती वाटली की तिच्या तोंडून कन्नड निघायचं. मग तिनं पोरीला जवळ ओढलं. “शेजारच्या सोनाबाईनं आणून दिलीय. तिच्या भावाला देत हुते. ह्यानं दारूवरनं मनच उडतं माणसाचं. वाससुदिक नको वाटतो.”

“अप्पांना सांगितलंस?”

“सांगून घेतील व्हय? म्हणतील, माझ्या शपथेवर तुझा इस्वास न्हाय.” तिनं ती पूड चहात टाकली, वरून आलं ठेचून घातलं, पुन्हा थोडं घातलं. “धा वर्षांत चार शपथा ऐकल्या मी, चंद्री. पाचवीला आधार लावला तर काय पाप हाय? हात ठेव लिंगावर. बोलायचं न्हाय कुणाजवळ.”

चंद्रिकानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. म्हणजे त्या घरात एका आठवड्यात दोन शपथा झाल्या. एक अख्ख्या गल्लीदेखत, दुसरी चुलीपाशी.

आणि तिला ते बरोबरच वाटलं होतं. अप्पा प्यायचे बंद झाले होते ना? मग झालं तर. फक्त अप्पा जिद्दीच्या गोष्टी सांगायला लागले की ताटात बघावं लागे. “माणसानं मनावर घेतलं तर काय हुत न्हाय,” अप्पा म्हणत, आणि मायलेकी आमटीत भाकरी कुस्करत बसत. ऑक्टोबरात एकदा अप्पांना खोकला झाला आणि त्यांनी दुकानातनं खोकल्याचं औषध आणून दोन झाकणं घेतलं, तर तोंड टोमॅटोसारखं लाल, छातीत धडधड, उलटी. अव्वानं ती बाटली तडक मोरीत ओतली आणि “पित्त हाय” म्हणाली. चंद्रिकालाही ते पित्तच वाटलं. वर्गात सगळ्या प्रश्नांना हात वर करणाऱ्या पोरीला हा प्रश्न प्रश्न म्हणून दिसलाच नाही.

उलट तिचा हिशोब पक्का होता. गोळीनं मन उडतं. मन उडालेल्या माणसाच्या घरात वाइन ठेवली काय, रॉकेल ठेवलं काय, सारखंच.

तेव्हा डबा स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाशेजारच्या ओट्यावर बसला. चंद्रिकानं उकळून गार केलेलं पाणी घातलं, रस घातला, यीस्ट भुरभुरलं, झाकण लावून ती वाकडी नळी भोकात खोचली आणि तिच्यात घोटभर पाणी ओतलं. आतला वायू त्या पाण्यातून बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिला बुडबुडा निघाला. बुडुक. चंद्रिकानं अशी किंकाळी फोडली की शेजारची सोनाबाई पदर खोचून धावत आली.

“काय झालं गं? साप निघाला काय?”

“श्वास घेतोय, मावशी. बघा, जिवंत आहे.”

सोनाबाईनं वास घेतला आणि अप्पांकडं बघून हसली. “गुरुशांतअण्णा, घरातच भट्टी लावली व्हय?”

“लावली की,” अप्पा म्हणाले. “तुमच्यासाठीच. मला चालत न्हाय.”

डिसेंबरची थंडी होती. बुडबुडे मंदावले तेव्हा अप्पांनी स्वतःची जाड चादर डब्याभोवती गुंडाळली आणि त्यांच्या अंगावर जुनं पांघरूण आलं. शिफ्टवरून आले की हातपाय धुऊन, कपाळाला विभूती लावून ते डब्यापुढं पाट टाकून बसत. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात कंपनीचं घड्याळ.

“लिही. एका मिनटात सतरा.”

“काल तेवीस होते.”

“दमलं आसंल बिचारं. कामगार हाय ते पण.”

चंद्रिकाच्या आयुष्यात अप्पा असे कधी बसलेच नव्हते. चौथीत तिला पाढे येत नव्हते तेव्हा नाही, सातवीत ती तापानं फणफणली तेव्हा नाही. आता बावीस दिवस रोज पाऊण तास तिच्या वहीशेजारी बसत होते. तक्त्यातले अर्धे आकडे त्यांच्या हातचे होते. त्यांचा सात जरा नऊसारखा दिसे, म्हणून ते त्याच्या पोटातून एक आडवी रेघ मारत.

वास मात्र चौथ्या दिवसापासून सुटला होता. आधी गोड, मग आंबूस, मग त्याच्याखालून दुसरा, ओळखीचा. तो आला त्या दिवशी चंद्रिका अप्पांच्या तोंडाकडंच बघत राहिली. त्यांनी नाक पुढं केलं, थांबले, म्हणाले, “आंबील आंबल्यागत हाय,” आणि घड्याळ उचललं. चंद्रिकाला इतकं हलकं वाटलं की तिला धावत सुटावंसं वाटलं. मन खरंच उडालं होतं तर.

दुसऱ्या पहाटे तिनं पाहिलं, वाटीत दोन गोळ्या होत्या.

“दोन?”

“घरात नाग आणून बसवलायस,” अव्वा म्हणाली. “एकीनं काय हुतंय?”

त्यानंतर अप्पांना झोप फार येऊ लागली. बसमध्ये डोळा लागून ते एक थांबा पुढं जात. “तोंडाला लोखंड चाटल्यागत चव येती,” म्हणत, आणि कंपनीतल्या रंगाला शिव्या देत. अव्वा चहात आलं वाढवी.

आता त्या रविवारकडं जाण्याआधी पाण्याचं सांगायला हवं. शेळगीत नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. तास-दीड तास येतं, त्यात सगळं भरून घ्यायचं, मग पाच दिवस पिंपातल्या पाण्यावर काढायचे. पिंप मोठं, जड, हलवता न येणारं. त्यातून हंड्यात पाणी काढायचं तर नळीचं एक टोक पिंपात सोडायचं, दुसरं तोंडात धरून एक ओढ घ्यायची, पाणी ओठाला लागायच्या आत टोकावर अंगठा, टोक खाली हंड्यात, अंगठा काढला की धार. गल्लीत हे लहान पोरंसुद्धा करतात, पण सगळी एक घोट गिळतात. अप्पांच्या तोंडात मात्र कधी थेंब जायचा नाही. एक ओढ, मग अंगठा. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पिंपांनाही अप्पांनाच बोलावत.

डिसेंबरचा शेवटचा रविवार पाण्याचा होता. गल्लीत सगळीकडं मोटारी घरघरत होत्या, अव्वा बाहेर नळावर होती. अप्पांना सुट्टी. चंद्रिकानं ठरवलं होतं की आज वाइन गाळावरून काढायची. तळाशी यीस्टचा राखाडी गाळ बसला होता. वरचं स्वच्छ तेवढं नळीनं दुसऱ्या डब्यात घ्यायचं आणि मग व्हिनेगरच्या वाटेला लावायचं. संचाबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं: नळी आधी पाण्यानं भरून घ्या, तोंडानं ओढू नका, तोंडातले जंतू जातील. चंद्रिकानं त्या ओळीखाली लाल रेघ मारली होती. जंतूंच्या काळजीनं मारली होती.

“अप्पा, जरा नळी धरा, मी हा डबा धुऊन घेते.”

अप्पांनी नळी धरली. एक टोक ओट्यावरच्या डब्यात सोडलं. दुसरं टोक त्यांच्या हातात होतं, शेजारी पिंप होतं, बाहेर पाण्याचा दिवस होता. माणसाचे हात जे वीस वर्षं करत आले तेच त्यांनी केलं. टोक तोंडात गेलं.

चंद्रिका वळली तोवर ओढ घेऊन झाली होती. पण ही नळी पिंपाच्या नळीपेक्षा बारीक होती. बारीक नळीतून जोर जास्त लागला आणि आलं ते एकदम आलं. अंगठा चुकला. आयुष्यात पहिल्यांदा अप्पांचा अंगठा चुकला.

ते गाल फुगवून उभे राहिले. मोरी चार पावलांवर होती. त्यांचे डोळे चंद्रिकावर होते, आणि त्या डोळ्यांत आधी नुसतं आश्चर्य होतं. मग गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

“गेलं गं,” ते म्हणाले. थोडं हसले. “सवयीनं.”

नळीत हवा शिरली होती. धार तुटली होती.

“असू द्या अप्पा, थांबा. मी पाण्यानं भरून घेते नळी. कागदावर तसंच—”

“एकदाच,” अप्पा म्हणाले. “सोडतो मी आता नीट.”

आणि त्यांनी पुन्हा टोक तोंडाला लावलं. ह्या खेपेला डोळे मिटले होते. ओढ लांब होती. चंद्रिका हातात ओला डबा घेऊन उभी होती, आणि तिनं मोजलं. घाटी तीनदा हलली. मग अंगठा बसला, टोक खाली आलं, गडद लाल धार दुसऱ्या डब्यात पडू लागली. अप्पांनी तोंड पुसलं आणि भिंतीकडं बघत राहिले.

धारेचा आवाज तेवढा होता.

दहाएक मिनिटं झाली असतील. आधी कान लाल झाले. मग मान, मग सगळा चेहरा, उकडल्यासारखा. अप्पांनी छातीवर हात ठेवला.

“चंद्री, उकडायलंय का गं लई?”

उकडत नव्हतं. डिसेंबर होता. ते पाटावर बसायला गेले आणि पाट हुकला. भिंतीला टेकून त्यांनी उलटी केली, लाल, आणि श्वास ओढू लागले, जणू छातीत कुणी नळी धरून उलटी ओढ घेतंय. विभूती घामानं वाहून भुवईत उतरली.

“अव्वा!” चंद्रिका ओरडली.

अव्वा हंडा घेऊन आली. तिनं अप्पांना पाहिलं, नळी पाहिली, डबा पाहिला, आणि हंडा तिच्या हातातून सुटला. हंडाभर पाणी घरभर झालं. ती रागावली नाही, रडली नाही, “का प्यालात” असं विचारलंसुद्धा नाही. तिनं फक्त आपल्या हातांकडं पाहिलं. तेव्हा, त्या क्षणाला, चंद्रिकाला ऑक्टोबरातलं खोकल्याचं औषध आठवलं.

रिक्षात अप्पांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. गल्ली दारात उभी होती, कळशा भरून वाहत होत्या आणि कुणाचं लक्ष नव्हतं. “शेवटी प्यालाच की रे,” कुणीतरी म्हणालं. हळू म्हणालं, पण रिक्षाला काचा नसतात.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलणाऱ्या. रक्तदाब लागत नव्हता नीट. सलाइन, नाकाला नळी, छातीला तारा.

“काय घेतलंय ह्यांनी?”

“पित्त हाय त्यांना,” अव्वा म्हणाली. तिनं चंद्रिकाचं मनगट धरलं होतं.

“तोंडाला वास येतोय, बाई. किती प्यायले?”

“घोटभर,” चंद्रिका म्हणाली. “वाइन. नळीनं काढताना तोंडात गेली.”

“घोटभर वाइननं असं होत नाही. दुसरं काय चालू आहे? कुठली औषधं? लवकर सांगा, त्यावर पुढचं अवलंबून आहे.”

अव्वाची बोटं मनगटात रुतली. तिनं तोंड चंद्रिकाच्या कानाशी आणलं. “बेडा, चंद्री. त्यान्ला कळलं तर मरतील ते.”

आणि न सांगितलं तर? पलंगावर अप्पांचे डोळे अर्धवट उघडे होते. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. चंद्रिकाला सात महिने आधीची, शेवटच्या बाकावरची पोरगी आठवली. ती असती तर खाली बघून उभी राहिली असती.

“गोळी चालू आहे,” ती म्हणाली. स्पर्धेत म्हणतात तसं, प्रत्येक शब्द सुटा. “दारू सोडायची. रोज सकाळी चहातून. आधी एक होती, पंधरा दिवस झाले दोन. त्यांना माहीत नाही.”

डॉक्टरीणबाईंचा हात क्षणभर थांबला, मग दुप्पट वेगानं चालू लागला. नर्सला त्यांनी काहीतरी आणायला पिटाळलं. “ह्या गोळीनं मन उडत नाही, बाई,” त्या अव्वाकडं न बघता म्हणाल्या. “ती पोटात असताना दारू गेली तर दारूचं विष होतं. माणसाला बसवून, सगळं समजावून, त्याच्या संमतीनं देतात ही गोळी. खोकल्याचं औषधसुद्धा चालत नाही.”

चंद्रिका अप्पांकडं बघत होती. त्यांचे डोळे आता पुरे उघडले होते.

अप्पा वाचले. तीन दिवस तिथं होते, चौथ्या दिवशी घरी आले. गल्लीनं काय ते ठरवून टाकलं होतं. सोनाबाई दोन दिवस दाराबाहेरच आली नाही. गोळ्या आणून देणारीनं तोंड कसं दाखवायचं? चंद्रिकानं दोन्ही डबे मोरीत रिकामे केले. गटारीतून तो वास संध्याकाळपर्यंत गल्लीभर फिरत राहिला आणि लोकांना बोलायला आणखी एक निमित्त झालं. रेश्मा मॅडमना तिनं सांगितलं की प्रयोग फसला. फुगा लावायला वेळ आहे अजून, मॅडम म्हणाल्या. चंद्रिकानं फुगा लावला नाही.

घरी आल्यावर अप्पांनी दोन दिवस अव्वाच्या हातचं काही घेतलं नाही. दवाखान्यातून आणलेली बिस्किटं खायचे, पिंपाचं झाकण काढून स्वतःच्या हातानं तांब्या बुडवून पाणी प्यायचे. नळी खुंटीलाच होती. अव्वानं केलेली भाकरी ताटात वाळायची. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना कामावर जायचं होतं. अव्वा चहा घेऊन उंबऱ्याशी आली. कप खाली ठेवायच्या आधी तिनं त्यातला घोट त्यांच्यासमोर स्वतः घेतला, ओठ न पुसता कप पुढं केला. अप्पांनी कपाकडं पाहिलं.

“कदीपास्नं?” त्यांनी विचारलं.

अव्वाला विचारायची गरज पडली नाही, कशाचं कदीपासून.

“मे म्हैन्यापास्नं.”

“शपथेच्या आदी का नंतर?”

“दुसऱ्या दिवसापास्नं.”

अप्पांनी मान हलवली, हिशोब लागल्यासारखी. “म्हंजे एकच दिवस माझा,” ते म्हणाले. “बाकीचे तुमचे.”

अव्वा आत गेली. भाकरी थापायचा आवाज सुरू झाला, पण तो थाप-थाप नेहमीच्या लयीत नव्हता, मध्येच थांबायचा.

उंबऱ्याशी अप्पा आणि चंद्रिका उरले. अप्पांच्या नखांत ह्या वेळी कुठलाच रंग नव्हता. इतकी स्वच्छ नखं तिनं कधी पाहिली नव्हती. त्यांनी तिच्याकडं तोंड केलं. बावीस दिवस वहीशेजारी बसायचे तेव्हा करायचे, तसंच.

“चंद्री, एक सांग. खरं सांग. तू तितं डाक्टरला खरं सांगितलंस, मला राग न्हाय त्याचा.” ते थांबले. “दुसऱ्यांदा ओढलं, तवा तू बघत हुतीस ना? नळी भरायला ओढलं मी का…” त्यांना पुढचा शब्द सापडेना. “तुला काय दिसलं?”

घाटी तीनदा हलली होती. मिटलेले डोळे. लांब ओढ. चंद्रिकाला सगळं दिसलं होतं, बुडबुडे मोजल्यासारखं तिनं मोजलं होतं. आणि समोर असा माणूस बसला होता, ज्याच्याकडं स्वतःचा म्हणून एकच दिवस उरला होता.

“मी डबा धुत होते, अप्पा,” ती म्हणाली. “पाठ होती माझी. तुम्ही नळी भरायलाच ओढलं असणार की.”

अप्पा तिच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना तिचे डोळे आठवत होते. हातात ओला डबा घेऊन त्यांच्याकडं बघणारे. त्यांना ते आठवत होते हे तिला दिसलं, आणि बोललेलं परत घ्यायला तिच्यापाशी काही नव्हतं.

“बरं,” ते म्हणाले.

ते उठले. शर्ट घातला, पिंपाचं झाकण काढून तांब्या बुडवला, उभ्यानं पाणी प्यायले. डबा घेतला नाही. “कँटीनला खाईन,” एवढं आतल्या बाजूला सांगितलं आणि चौकाकडं निघाले. कंपनीची बस तिथून जायची, आणि तिच्याच शेजारून दारूच्या दुकानाकडं दुसराही एक रस्ता जायचा. चंद्रिका दारात उभी राहून बघत होती, पण वळणावर टेम्पो आडवा आला, आणि अप्पा कुठं वळले ते तिला दिसलं नाही.

चहा उंबऱ्यावर तसाच होता. वर साय धरली होती. तिनं कप उचलला आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला, तळाच्या चोथ्यासकट. त्यात आल्याशिवाय काहीच नव्हतं.